परदेश पानावरची कापलेली शेपटं

१९ मार्च २००३, बुधवार

ऑफिसात मोठा टीव्ही आला. आणला वर्ल्ड कपसाठी, लावून ठेवलाय युद्धासाठी. थेट माझ्या टेबलासमोर, का तर परदेश पान माझं. दिवसभर ती एकच परदेशी वाहिनी. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालतंय: इराकला दिलेली मुदत संपायला किती तास, किती मिनिटं, किती सेकंद. वर ढोल बडवल्यासारखं संगीत. माणसं मरायची आहेत आणि हे मेले फायनलची वाट बघावी तशी बघतायत.

उद्या आपली सेमीफायनल. टीव्ही कशावर लावायचा यावर स्पोर्ट्सवाल्यांशी आत्ताच जुंपली.

घरी ह्यांना सांगितलं. हे तोफखान्यात बावीस वर्षं, डावा कान तिथंच ठेवून आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाजी काय आणू?"

२२ मार्च, शनिवार

बगदादवर काल रात्री पडलेले बॉम्ब आज दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवले. आकाश हिरवं, मग नारिंगी. वाहिनीवरचा निवेदक श्वास रोखून "अद्भुत दृश्य" म्हणाला. अद्भुत! खाली पाच-सहा लाख घरं असतील, त्यांत एखादी बाई पोळ्या करत असेल. आमच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले. चहा घेतला.

रूपालीला (डेस्कवर नवीन, दोन महिने झाले) शेपटं कापायला शिकवलं. न्यूज एजन्सीच्या इंग्रजी बातमीत दर वाक्यामागे असतं: असे लष्करी प्रवक्त्याने सांगितले, असा दावा केला, असे समजते. सगळी ठेवली तर बातमीमागे तीन ओळी फुकट. पहिल्या वाक्याला एकदा ठेवायचं, बाकीची उडवायची. मला एकोणीस वर्षांपूर्वी असंच शिकवलं होतं. रूपाली म्हणाली, "ताई, मग खालचं सगळं म्हणतंय कोण?" मी म्हटलं, "आपण." दोघी हसलो.

पान वेळेत सुटलं, छपाईला गेलं. साहेब खूश. "युद्धस्य वार्ता रम्या, ताई. खप वाढणार."

२४ मार्च, सोमवार

काल फायनल हरलो. ऑफिसात सुतक. बगदाद कुणाला आठवेना. माझं पान मात्र अकरा बातम्यांचं.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, वाहिनीवर सांगतात की मारा इतका अचूक आहे की खिडकी सांगा, खिडकीतून आत टाकतो. नकाशावर सेवानिवृत्त जनरल बाण काढून दाखवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यांनी हातातला घास संपवला. आमचा नितीन पण होता जेवायला. मग हे म्हणाले, "तोफेत पहिला गोळा अंदाजानं. तो कुठं पडला ते बघायचं, मग दुरुस्ती सांगायची, मग दुसरा. आता यंत्रं सुधारली असतील. पण पहिला जिथं पडला तिथं कोण होतं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. सरावाच्या रेंजवर होतो तेव्हा दगडच होते."

आणि रेंजवर नव्हता, तेव्हा? विचारलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

नि. म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळचं वेगळं. आता सगळं सॅटेलाइटवर." तेवीस वर्षांचं पोर. हॉटेलात कुक आहे, कांदा कापतो, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही.

२९ मार्च, शनिवार

बगदादच्या बाजारात स्फोट. भाजी घ्यायला आलेली माणसं. वाहिनीवर: क्षेपणास्त्र नेमकं कुणाचं हे स्पष्ट नाही, कदाचित इराकचंच चुकून पडलं असेल. आणि लगेच नकाशा. त्याच तासात पकडल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर पंधरा मिनिटं. प्रत्येकाचं नाव, शाळा, घरासमोरचं अंगण, आईचा हुंदका. आई रडली तेव्हा मलाही रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण बाजारातल्या एकाचंही नाव नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इंग्रजीत कसं म्हणतात कोण जाणे, करतात मात्र झकास.

मी बाजाराची बातमी सहा ओळींत बसवली. शेवटची ओळ: "क्षेपणास्त्र इराकचेच असण्याची शक्यता आहे." कुणी म्हटलं ते शेपूट कापलं. जागा नव्हती. खाली गाद्यांची जाहिरात होती.

१० एप्रिल, गुरुवार

बगदादमध्ये हुकूमशहाचा पुतळा पाडला. एजन्सीनं फोटो पाठवले, त्यातला एक जवळून: माणसंच माणसं, हात वर. दुसरा लांबून, मैदान बरंचसं रिकामं, कडेला रणगाडे, मधे एक घोळका. मी दुसरा म्हटलं. साहेबांनी पहिला. "ताई, वाचकाला उत्साह दिसला पाहिजे." मी म्हटलं, "उत्साह कुणाचा?" ते हसून गेले.

पहिलाच लागला. चार कॉलम.

२ मे, शुक्रवार

अमेरिकेच्या अध्यक्षांचं भाषण जहाजावरून. एजन्सीची पहिली ओळ: प्रमुख लढाया संपल्या आहेत असं त्यांनी जाहीर केलं. पुढे: कठीण काम अजून बाकी असल्याचंही ते म्हणाले. चौथ्या परिच्छेदात: आजही गोळीबार झाला, काही जखमी.

मथळा मीच दिला. "इराक युद्ध संपले". तीन शब्द, बरोब्बर बसले. "प्रमुख लढाया संपल्याची घोषणा" लांब होत होतं, दोन ओळी झाल्या असत्या. चौथा परिच्छेद गेला.

संपलं बाई एकदाचं. उद्या निवांत पान. आंब्याची निर्यात आणि कुठल्याशा राणीचा वाढदिवस.

१४ जून, शनिवार

नि. आज दुपारीच घरी आला, सुट्टी काढून. चेहरा असा की लग्न ठरवून आलाय. एका एजंटकडून काम मिळालंय, आखातात. अमेरिकन सैन्याच्या मोठ्या तळावर स्वयंपाक. "कुवेत?" म्हटलं. "आधी कुवेत. मग आत." आत म्हणजे कुठं? "आत म्हणजे आत, आई. इराक."

मी ओरडले. काय वेडबिड लागलंय का, तिथं लढाई चालू आहे. तो शांतपणे उठला आणि त्याच्या बॅगेतून घडी काढली. माझं पान. तीन मेचं. "संपलंय. तूच लिहिलंयस."

कात्रण ठेवलंय! कशाला तर एजंटनं पोरांना सांगितलं होतं की घरी विचारतील तर पेपर दाखवा. माझ्या पोरानं दुसऱ्या पोरांनाही दाखवलं. "माझ्या आईचं पान आहे हे." अभिमानानं.

म्हटलं, अरे त्यात थोडं राहिलं होतं. "काय राहिलं होतं?" चौथा परिच्छेद. तो हसला. "आई, चौथ्या परिच्छेदासाठी मी हॉटेलातच कांदे कापू का?"

ह्यांनी जेवताना फक्त मीठ मागितलं. मी ह्यांच्यावरही ओरडले. काय उपयोग.

१५ जून, रविवार

सुट्टी असून ऑफिसला गेले. लॅम रोडवरून बसला दीड तास, काय गर्दी. सिंहस्थाची कामं सुरू, सगळीकडे खणून ठेवलंय.

एजन्सीचे जुने प्रिंटआउट रूपालीनं रद्दीत घातले नव्हते, देव तिचं भलं करो. मार्चपासूनचं एकेक पान काढलं. एका हाताला इंग्रजी, दुसऱ्या हाताला माझं मराठी. जिथं जिथं शेपूट कापलं तिथं लाल पेन्सिलीनं खूण. एप्रिलची पानं सुरू होईपर्यंत पेन्सिल दोनदा तासली. मग खुणा करायचं सोडून दिलं.

रासायनिक अस्त्रांचा साठा सापडला. (असा संशय व्यक्त केला.) लोकांनी फुलं उधळून स्वागत केलं. (असं सैन्यासोबत फिरणाऱ्या वार्ताहराने सांगितलं, जो त्यांच्याच गाडीतून फिरतो, त्यांचंच जेवतो.) क्षेपणास्त्र इराकचंच. (असा एका अधिकाऱ्याचा दावा.) त्या वाहिनीला एवढे दिवस शिव्या घालत होते. ते निदान म्हणतात तरी की जनरल म्हणतो. मी तर जनरललाच पुसून टाकलं आणि त्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यांनी ढोल वाजवला, मी गावभर दवंडी दिली. फुकटात.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. हे सगळ्यात वाईट.

१६ जून, सोमवार

साहेबांकडे गेले. म्हटलं, तीन मेच्या मथळ्याबद्दल खुलासा छापू. साहेब खरंच चांगला माणूस, चहा मागवला. "कशाचा खुलासा ताई? सगळ्या पेपरांनी तेच छापलं." मी म्हटलं, सगळ्यांनी छापलं म्हणून माझा मुलगा चाललाय असं नाही, मी छापलं म्हणून चाललाय. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दीड महिन्यापूर्वीच्या बातमीचा खुलासा दिला तर लोक विचारतील, बाकीच्या बातम्यांचं काय?" तेच तर.

खुलासा नाहीच. पण उद्यापासून परदेश पानावर शेपटं ठेवायची परवानगी दिली. "बातम्या कमी बसतील, तुमची जबाबदारी." बसू देत कमी. हात दाखवून अवलक्षण झालं असं डेस्कवर सगळ्यांचं मत. रूपाली तर रडकुंडीला. "ताई, तुम्हीच शिकवलं, आता तुम्हीच म्हणता चुकलं." हो बाई, चुकलं.

नि.ला म्हटलं, पुढच्या महिन्यात पान वाच, तुला दिसेल तिथं काय चाललंय. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात मी तिथंच असेन, स्वतःच बघेन.

११ जुलै, शुक्रवार

गेला.

सकाळी हातावर दही घातलं. ह्यांनी त्याला अंगणात बाजूला घेतलं आणि जे सव्वीस वर्षांत माझ्याशी बोलले नाहीत ते त्याच्याशी बोलले. मी दारातून ऐकलं. "गाडीत शेवटी बसू नकोस. आवाज झाला की पळू नकोस, पड. झोपायची जागा भिंतीलगत निवड, खिडकीपासून लांब. आणि कुणी म्हणालं इथं काही होत नाही, तर त्याच्या शेजारी उभा राहू नकोस." नि. "हो बाबा, हो बाबा" करत होता. शेवटी ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो उंच आहे, ह्यांना हात वर करावा लागला.

स्टेशनवर मी गेले नाही. ऑफिसला गेले. पानावर सात बातम्या, सगळी शेपटं जागेवर. कुणी वाचतं की नाही देव जाणे.

९ ऑगस्ट, शनिवार

सिंहस्थामुळे परदेश पान अर्ध्यावर आलं. साधूंच्या बातम्या, स्नानाच्या तारखा, वाहतुकीतले बदल. माझ्या वाट्याला चार कॉलमचा तुकडा. शेपटांसकट चार बातम्या बसतात.

नि.चा फोन. आवाज खणखणीत. महिनाभर कुवेतमध्ये थांबवलं, आता आत पोचलाय. गावाचं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. (नकाशा ऑफिसच्या भिंतीवर आहेच, लढाईच्या वेळचा. बाण अजून तसेच.) म्हणतो, तीनशे-चारशे माणसांचा भात एका वेळी. सैनिक पोरं चांगली आहेत, माझ्याएवढीच. एकजण फोटो दाखवून रडला. बिर्याणी फार आवडते त्यांना.

मग म्हणाला, "आई, जेवणाच्या तंबूत टीव्ही आहे. तुमच्या ऑफिसात लागते ना, तीच वाहिनी. त्यावर सांगतात सगळं पूर्वपदावर येतंय. आणि मागे तंबूचं कापड हलतं." म्हटलं, कशानं? "वाऱ्यानं," म्हणाला. मग, "नेहमी वाऱ्यानं नाही."

ह्यांना सगळं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. मी पण कापाकापीच करते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन दर शुक्रवारी येतो. आजचा मंगळवार असाच गेला. रोज सकाळी सकाळी एजन्सीच्या यादीत आधी त्या गावाचं नाव शोधते. नसलं की चहा पिते. ही माझी नवी पूजा.

वाहिनीवर आता "हल्लेखोर", "तुरळक", "मनोधैर्य". सुटाबुटातली माणसं दोन खुर्च्यांवर बसून विचारतात, आपण पुरेसे कठोर आहोत का? कुणी म्हणत नाही की पुरे. एकाला तरी विचारावंसं वाटतं, तुझा मुलगा कुठं आहे रे बाबा? ज्याचं जळतं त्याला कळतं.

रूपाली आज स्वतःहून म्हणाली, "ताई, ह्या बातमीत तर शेपूटच नाही, कुणी सांगितलं ते एजन्सीनंच दिलेलं नाही. घेऊ का?" म्हटलं, नको. खूप बरं वाटलं. पोरगी तयार झाली.

२ एप्रिल २००४, शुक्रवार

फोन आला. नि. थकलेला. करार जूनमध्ये संपतोय, येतो म्हणाला. ह्यांनी लगेच त्याच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. "रंग वाळायला वेळ लागतो," म्हणे. दोन महिने!

८ एप्रिल, गुरुवार

दुपारी साडेतीन. एजन्सीची बातमी. त्या गावाचं नाव.

नीट लिहिते. तळावर रॉकेटं पडली. जेवणाच्या जागेजवळ. सैनिकांपैकी कुणीही दगावलं नाही, काहींना किरकोळ दुखापत, असं लष्करी प्रवक्त्यानं सांगितलं. पाच ओळी. पुढे तळाचं महत्त्व, सैन्याचा निर्धार. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. सैनिकांपैकी. बाकीच्यांबद्दल एक शब्द नाही. भात शिजवणारे, भांडी घासणारे, गाड्या चालवणारे, ते मेले का जगले हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. कापलं असतं तर प्रिंटआउटमध्ये तरी सापडलं असतं. इथं मुळात लिहिलंच नाही.

समोर टीव्हीवर तीच बातमी वीस सेकंद. निवेदिकेच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. कुणी दगावलं नाही. मग हवामान.

घरी फोन केला. हे म्हणाले, "वाचून दाखव." दाखवली. उजव्या कानाला रिसीव्हर लावून ऐकत असणार. म्हणाले, "आणि स्वयंपाकघरातले?" म्हटलं, त्यांचं दिलेलं नाही. "का?"  एकोणीस-वीस वर्षं हे पान करते, ह्यांनी पहिल्यांदा मला माझ्या कामाबद्दल काही विचारलं.

एजंटच्या मुंबईच्या ऑफिसात फोन. "मॅडम, आम्हाला काही कळवलेलं नाही. म्हणजे चांगलंच असेल." त्याच्या तोंडावर फोन आपटला.

बातमी केली. सगळी शेपटं ठेवून. आणि शेवटी माझी एक ओळ घातली, जी एजन्सीत नव्हती: "तळावरील स्वयंपाकी व अन्य कामगारांविषयी कोणतीही माहिती देण्यात आलेली नाही." आयुष्यात पहिल्यांदा परदेश पानावर स्वतःचं वाक्य लिहिलं. रूपालीनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पान सोडलं.

९ एप्रिल, शुक्रवार

आज फोनचा वार. ह्यांनी सकाळपासून खुर्ची फोनपाशी नेली. मी रजा टाकली होती. दिवसभरात तीन फोन. गॅसवाला, माझी बहीण, आणि एक चुकीचा नंबर. चुकीच्या नंबरवाल्याला ह्यांनी दोनदा विचारलं, "कुठून बोलताय?"

रंगाचा डबा अंगणात तसाच. उघडलेला, वर साय धरलीय.

लाईन बंद असेल. हल्ल्यानंतर करतात बंद, मीच कितीदा छापलंय. शंभर कारणं असतात.

मला खूप भीती वाटते.

१० एप्रिल, शनिवार

घरी बसवेना. ऑफिसला आले. हे म्हणाले जा, मी आहे फोनपाशी.

एजन्सीत त्या गावाचं नाव आज नाही. परवाच्या हल्ल्याबद्दल पुढे काही नाही. वाहिनीवरही नाही. त्यांच्या लेखी ते संपलं.

पान लावायला घेतलं. सहा बातम्या. खालच्या कोपऱ्यात दोन ओळींची जागा उरली. तिथं पुन्हा लिहिलं: तळावरील स्वयंपाकी व अन्य कामगारांविषयी अद्याप कोणतीही माहिती देण्यात आलेली नाही.

साहेब पान बघायला आले. चष्मा वर केला. "ताई, हे परवाच गेलं ना? आज बातमी काय यात?"

म्हटलं, "हीच. आजही दिलेली नाही."

ते उभे राहिले. लाल पेन हातात होतं. मी बघत होते, पेन त्या ओळीवर आलं, थांबलं. "उद्या पण देणार?" त्यांनी विचारलं.

"ते सांगेपर्यंत रोज."

पेन खिशात ठेवलं आणि खाली सही केली. पान सुटलं. मी ह्यांना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला. "नितीन?" म्हणाले.